बाजारातलं लिंबू बरणीत जाण्याआधी

लिंबाच्या लोणच्याच्या पाककृती शोधायला गेलं तर ढिगाने मिळतात आणि बहुतेकींची सुरुवात एकाच ओळीने होते: ‘लिंबं स्वच्छ धुऊन, पुसून, फोडी करून घ्या.’ ज्यांनी आई-आजीच्या शेजारी बसून लोणचं घालताना पाहिलंय त्यांना ही ओळ पुरते. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांची बरणी नेमकी याच ओळीत बिघडते. म्हणून हा सगळा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. मसाला, हिंग-मेथी, गूळ घालायचा की साखर, हे तुमच्या घरच्या चवीवर सोडते.

बाजारात

लोणच्यासाठी कागदी लिंबू घ्यायचं. साल कागदासारखी पातळ, म्हणून कागदी. साल जितकी पातळ तितकी ती लवकर मुरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ हा वाण मिळाला तर उत्तम, पण भाजीवाले वाणाचं नाव क्वचितच सांगतात, तेव्हा नावाच्या मागे न लागता हातात घेऊन बघा.

दिवस कोणते निवडावेत हेही महत्त्वाचं आहे. आपल्याकडे लिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येतात. हस्त बहाराची फळं उन्हाळ्यात बाजारात येतात, पण तेव्हाच सरबतासाठी सगळ्यांनाच लिंबू हवं असतं आणि भाव चढतो. २०२२च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांना विकलं गेलं, ते अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात लिंबं स्वस्त होतात, पण हवा दमट असते. पहिलंच लोणचं असेल तर तेव्हा घालू नका. मृग बहाराची फळं हिवाळ्यात मिळतात. भाव उतरलेला, हवा कोरडी, ऊन स्वच्छ. नवख्या माणसासाठी याहून चांगले दिवस नाहीत.

फळ निवडताना आधी वजन पाहा. सारख्या आकाराची दोन लिंबं दोन हातांत घ्या, जे जड लागेल ते रसाळ. रंग पिवळा हवा. थोडी हिरवट झाक असेल तर घरी टोपलीत मोकळी पसरून ठेवा, तीन-चार दिवसांत ती पिवळी होतात. गर्द हिरवं, टणक लिंबू मात्र घेऊ नका, त्याची साल लवकर मऊ होत नाही आणि कडवटपणाही राहतो. मग देठाची बाजू अंगठ्याने हलकेच दाबा. तिथे मऊ, पाणथळ लागलं तर फळ आतून सडायला लागलेलं आहे, बाहेरून कितीही देखणं दिसो.

सालीवर तपकिरी, खरखरीत, खपलीसारखे ठिपके दिसले तर तो खैऱ्या रोग. माणसाला त्याने काही होत नाही, आतला रसही चांगला असतो. पण लोणच्यात आपण सालच खातो, आणि ती खपली कधीच मऊ होत नाही. अशी लिंबं सरबताला वापरा. काट्याने पडलेले कोरडे ओरखडे मात्र चालतात. सालीवर बारीक खड्डे आणि तपकिरी डाग एकत्र दिसले तर ते फळ बहुधा खूप थंडीत ठेवलेलं असतं. लिंबाला जास्त गारवा सोसत नाही, आणि असं फळ बाहेर उबेत आलं की दोन दिवसांत बसतं.

जाळीच्या पिशवीतली बांधलेली लिंबं शक्यतो टाळा. एकाला हिरवी बुरशी लागलेली असली की तिची पूड बाकी सगळ्यांवर पसरलेली असते. सुटी घ्या, एकेक करून निवडा. भाजीवाला कुरकुरला तरी चालेल, लोणच्यासाठी हवीत म्हणून सांगा, बहुतेक जण मग स्वतःच चांगली काढून देतात.

एक किलोत मध्यम आकाराची साधारण पंचवीस ते तीस लिंबं बसतात. किलोभर लोणचं घालायचं असेल तर सव्वा किलो घ्या. जास्तीची पाव किलो कशाला, ते पुढे कळेल.

चमकणारी साल

मंडईतल्या कागदी लिंबाला सहसा काही लावलेलं नसतं. मॉलमधली चकचकीत लिंबं, स्टिकर लावलेली परदेशी संत्री यांची गोष्ट वेगळी. तोडल्यावर फळ धुतलं की त्याचा नैसर्गिक मेणाचा थर निघून जातो, आणि फळ सुकू नये म्हणून वरून पुन्हा मेण चढवतात. आपल्याकडे ताज्या फळांना मधमाश्यांचं मेण, कार्नोबा मेण (एका ताडाच्या पानांवरचं) आणि लाखेचं मेण लावायला परवानगी आहे. ही मेणं खाण्याजोगी आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. लोणच्यासाठी अडचण वेगळीच असते. सालीतून रस बाहेर आणि मीठ आत जायला हवं, तिथे मेण आडवं येतं, आणि मेणाखाली अडकलेली धूळ नुसत्या पाण्याने निघत नाही.

ओळखायचं कसं? नखाने साल हलकेच खरवडा. नखाखाली पांढुरकी, चिकट पापडी आली तर मेण. काढण्यासाठी पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि झाऱ्यात चार-पाच फळं घेऊन दहा-पंधरा सेकंद बुडवा. लगेच बाहेर काढून भाजीच्या मऊ ब्रशने चोळा आणि गार पाण्यात टाका. नळाचं कोमट पाणी इथे पुरत नाही, कार्नोबा मेण वितळायला ऐंशी अंशांच्या वर उष्णता लागते. मेण निघालं की साल निस्तेज दिसते. तसंच दिसायला हवं. उकळत्या पाण्यात मिनिटभर मात्र ठेवू नका, साल शिजायला लागते आणि तिचं सुगंधी तेल पाण्यात जातं.

आयात फळांवर मेणासोबत बुरशीनाशकही वापरलेलं असू शकतं. खायच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून चोळलं तर वरवरचा अंश कमी होतो, सालीत मुरलेला जात नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या पदार्थात साल खायची, त्यासाठी असं फळ घेऊच नये. रस काढायला वापरा, साल टाकून द्या.

देठ आणि धुणं

माझ्या पहिल्या बरणीला बाराव्या दिवशी बुरशी आली. मीठ भरपूर होतं, बरणी उन्हात तापवलेली होती, लिंबंही मी पुसली होती. बरणी परातीत ओतून बघितली तेव्हा दिसलं, चार-पाच फोडींच्या टोकाला देठाची वाळकी टोपी तशीच राहिली होती आणि बुरशी बरोबर तिथून पसरली होती. त्या टोपीखाली एक बारीकसा खळगा असतो. धूळ तिथे बसते, पाणी तिथे साचतं, आणि फडक्याचं टोक तिथे पोचत नाही.

तेव्हापासून मी धुण्याआधी प्रत्येक लिंबाची टोपी काढते. सुरीच्या टोकाने किंवा टूथपिकने उचकटली की ती सहज निघते. साल फोडायची नाही, फक्त टोपी. निघताना खाली काळसर ओल दिसली तर ते लिंबू बाजूला काढा.

मग वाहत्या पाण्याखाली एकेक लिंबू हाताने चोळून धुवा. तासभर भिजत घालायची गरज नाही, उलट जिथे टोपी काढली तिथून पाणी आत शिरतं. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. लिंबाची साल सच्छिद्र असते, साबणाचा वास आणि अंश तिच्यात राहतो. अगदी मातकट फळं असतील तर घमेलंभर पाण्यात मूठभर मीठ घालून त्यात चोळा, मग साध्या पाण्यातून काढा.

कोरडं म्हणजे किती कोरडं

लोणच्यात आंबटपणा आणि मीठ दोन्ही असतात, म्हणून ते टिकतं. लिंबाचा रस इतका आंबट असतो की विषबाधा करणारे जिवाणू त्यात वाढत नाहीत. बुरशी मात्र आंबटाला दबत नाही. तिला हवा आणि थोडी ओल एवढंच लागतं. खाराखाली बुडालेल्या फोडीला ती लागत नाही. वर तरंगणाऱ्या फोडीवर, बरणीच्या गळ्याला चिकटलेल्या थेंबावर, झाकणाच्या आतल्या ओलीवर ती धरते. पाण्याचा एक थेंब तिथला खार पातळ करतो, मीठ कमी पडतं, आणि तेवढं तिला पुरतं. कोरडेपणाबद्दल जुन्या बायका इतक्या कडक असायच्या, त्यामागे हेच कारण होतं.

लिंबं चाळणीत निथळू द्या. मग स्वच्छ, वाळलेल्या सुती पंचाने एकेक पुसा आणि देठाचा खळगा पंचाचं टोक पिळून त्यात फिरवून कोरडा करा. पंचा ओला झाला की बदला. एकाच पंचाने तीस लिंबं पुसली तर शेवटच्या दहांना तुम्ही ओलच लावत असता. टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात.

पुसलेली लिंबं दुसऱ्या कोरड्या पंचावर देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न चिकटता पसरा आणि पंख्याखाली चार तास ठेवा. मी रात्री धुऊन सकाळी चिरते, म्हणजे घाई होत नाही. अख्खी लिंबं दिवसभर उन्हात ठेवू नका, साल चामट होते. कोवळ्या उन्हात अर्धा तास ठीक आहे.

फ्रिजमधली लिंबं थेट चिरायला घेऊ नका. बाहेर काढली की त्यांना घाम फुटतो, तुम्ही पुसता आणि दहा मिनिटांनी साल पुन्हा ओली होते. आदल्या संध्याकाळी बाहेर काढा, खोलीच्या उबेला येऊ द्या, मग धुणं-पुसणं.

हातांचंही तसंच. चिरायला बसण्याआधी हात धुऊन पूर्ण वाळू द्या. विळी, सुरी, पाट, परात, चमचा, सगळं आदल्या दिवशी धुऊन वाळवलेलं असू द्या. पाट प्लास्टिकचा चालेल. लाकडी घेत असाल तर कांदा-लसणाचा नको, कारण लिंबू वास लगेच धरतं. लोखंडी विळीने लिंबाची कड काळपट पडते, तेव्हा स्टीलचं पातं घ्या. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना लिंबाचा रस लागू द्यायचा नाही.

चिरणं

बिया काढणं कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. बीतला कडूपणा हळूहळू रसात उतरतो. पहिल्या आठवड्यात कळत नाही, महिन्याभराने कळतो. चिरलेली बी तर अख्ख्या बीपेक्षा जास्त कडवट करते, म्हणून बीवरून सुरी जाऊ नये असं बघायचं.

त्यासाठी एक सोपी रीत आहे. लिंबू देठाच्या बाजूने उभं धरा. मध्यावरून न चिरता मध्याच्या जरा बाजूने वरून खाली सुरी घाला, म्हणजे एक गाल सुटेल. लिंबू फिरवत असे चार गाल काढा. मध्ये चौकोनी गाभा उरतो आणि बहुतेक बिया त्यातच असतात. गाभा एका वाटीत पिळा, रस गाळून ठेवा, चोथा टाकून द्या. गालांच्या मग दोन-दोन फोडी करा. एखादी बी दिसली तर टूथपिकने काढा. पंधराएक लिंबं झाली की हात बसतो.

देठाकडचं आणि खालचं बोंड पातळसं कापून टाका. तिथली साल जाड असते.

चिरताना रस सांडतो, म्हणून पाट परातीतच ठेवा. तो सगळा रस बरणीत जाणार आहे.

उपवासाचं गोड-तिखट लोणचं करायचं असेल तर रीत बदलते. तिथे अख्खी लिंबं आधी वाफवतात. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पाणी असू द्या, आतल्या भांड्यात मात्र पाणी न घालता लिंबं ठेवा, वर झाकण ठेवा म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकणार नाही, आणि दोन शिट्ट्या करा. गार झाल्यावर पुसून चिरा. साल तेव्हाच मऊ झालेली असते, त्यामुळे ते लोणचं आठ-दहा दिवसांत खाता येतं.

सालच जाड असेल तर

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना दुकानात मिळणारं मोठं पिवळं लेमन हे कागदी लिंबू नव्हे. त्याची साल जाड, आतला पांढरा थर चांगला बोटाच्या पेराएवढा नसला तरी भरपूर, आणि वर बहुतेक वेळा मेण. ‘की लाइम’ किंवा ‘मेक्सिकन लाइम’ या नावाने मिळणारं छोटं गोल फळ मात्र आपलं कागदी लिंबूच, एकाच जातीचं. ते तिथे हिरवं विकतात, घरी पिवळं होऊ द्या. ते मिळालं नाही तर पातळ सालीचं मायर लेमन घ्या. ब्रिटनमध्ये ‘अनवॅक्स्ड’ लिहिलेली लिंबं मिळतात, थोडी महाग असली तरी लोणच्यासाठी तीच घ्यावीत. जाड सालीचंच फळ हाताशी असेल तर ते वर सांगितल्याप्रमाणे वाफवून घ्या आणि फोडी लहान करा.

संत्री आणि मोसंबी

संत्र्याचा मार्मलेड करायचा असेल तर निवडणं, धुणं तेच. फक्त इथे कोरडेपणाचा बाऊ नको, कारण सगळं उकळणारच आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने सुटते. सालीचा आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा, पण फेकू नका. तो आणि बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून सालीच्या कातरणासोबत उकळा. मार्मलेड घट्ट करणारं पेक्टिन त्यातूनच येतं. कातरण आधी एकदा पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की कडूपणा बराच उतरतो. आणि साल बोटांत चिरडेल इतकी मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही. साखर पडली की साल पुढे मऊ होत नाही, कितीही उकळा.

मोसंबीत आंबटपणा फार कमी. तिचा जॅम किंवा मार्मलेड करताना लिंबाचा रस घालावाच लागतो, चवीसाठीही आणि टिकण्यासाठीही. मोसंबीचा रस काढून ठेवलात तर तो तासा-दोन तासांत कडवट होतो, तेव्हा रस काढला की लगेच पातेल्यात.

बरणी आणि मीठ

आता पुन्हा लिंबाकडे. चिनी मातीची बरणी असेल तर आतला मुलामा बोट फिरवून तपासा. बारीक तडे असतील तर ती बरणी सुकामेव्याला ठेवा, त्या तड्यांत मागच्या वर्षीचा खार बसलेला असतो. बरणी गरम पाण्याने धुऊन दिवसभर कडक उन्हात उलटी-सुलटी करून वाळवा. निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर बरणी पालथी घालायची पद्धत अजून काही घरांत आहे. शहरात निखारा कुठला, पण जमलं तर करा, बरणी पूर्ण कोरडी होते आणि लोणच्याला वासही छान लागतो. काचेची बरणी ओव्हनमध्ये एकशे दहा अंशांवर पंधरा मिनिटं ठेवून तिथेच गार होऊ द्यावी. पत्र्याचं झाकण मात्र खाराने गंजतं, प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या.

मीठ अंदाजाने घालू नका, पहिल्या वर्षी तर नाहीच. चिरलेल्या फोडींचं वजन करा आणि किलोला सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ घ्या. खडे मीठ घेतलंत तर ते कोरड्या कढईत मंद आचेवर परतून, गार करून, जाडसर कुटा. त्याने मिठातली ओल जाते. रोजच्या वापराचं बारीक मीठही चालतं, फक्त खार थोडा गढूळ दिसतो.

बरणीच्या तळाशी मुठीने मीठ पसरा, त्यावर फोडी, त्यावर मीठ, असं भरत जा. परातीतला रस आणि गाळून ठेवलेला गाभ्याचा रस वरून ओता. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, चार बोटं रिकामी राहू द्या. आतून गळा कोरड्या फडक्याने पुसा, झाकण लावा, त्यावर दादरा बांधा. दादरा म्हणजे बरणीच्या तोंडावर बांधायचं स्वच्छ सुती फडकं, धूळ आणि मुंग्या दोन्ही बाहेर राहतात.

दुसऱ्या दिवशी खार सुटलेला दिसेल. तिसऱ्या दिवशी फोडी त्यात बुडालेल्या असायला हव्यात. नसतील तर जास्तीची ती पाव किलो लिंबं पिळा आणि गाळलेला रस घाला. पाणी कधीही नाही. रोज एकदा बरणी हलवा किंवा वाळलेल्या लाकडी डावाने खालवर करा, म्हणजे वरच्या फोडी पुन्हा खारात जातील. आठ-दहा दिवस रोज तीन-चार तास उन्हात ठेवलीत तर मुरणं लवकर होतं. ऊन नसेल तर घरातही मुरतं, फक्त आणखी दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. उन्हातून आत आणल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमलेले असतात. ते पुसून मगच झाकण परत लावा.

साल आधी पिवळी असते, मग फिकट होते, मग तांबूस, थोडी पारदर्शक. बारीकशी फोड काढून नखाने दाबा. साल दबली, आतला पांढरा थर वेगळा जाणवेनासा झाला आणि चावताना करकरली नाही, की मसाला भाजायला घ्या.